प्राग, दोनशे युरो आणि बाबांनी जपलेली पावती

प्रागला युरो चालत नाहीत. काही दुकानदार घेतात, पण आपल्या मर्जीच्या भावानं. मी सहा वर्षं बर्लिनला राहतेय, हे मला माहीत होतं. तरी शनिवारी सकाळी पाच मिनिटांत आमचे साठ-पासष्ट युरो गेले आणि ते परत मिळवण्यात अख्खी दुपार गेली. आठवडा झाला तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून टाकते.

आई-बाबा सांगलीहून आले होते. चेक प्रजासत्ताक शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) असल्यामुळे त्यांच्या व्हिसावर वेगळं काही करावं लागलं नाही. शुक्रवारी दुपारची ट्रेन पकडली. जागा घेताना डाव्या खिडकीची घ्या, ड्रेस्डेन सुटलं की एल्बे नदी त्याच बाजूनं सोबत येते. बाबा तिथे जे खिडकीला चिकटले ते थेट प्रागलाच उठले. हॉटेल ठीक होतं.

आता शनिवार. मी म्हणत होते, सगळीकडे कार्ड चालतं, ट्राममध्येसुद्धा. पण बाबा छत्तीस वर्षं बँकेत कॅशियर. "परमुलखात हातात रोकड हवी," म्हणाले. जुन्या शहराच्या चौकाजवळच पैसे बदलून देणारा एक काउंटर दिसला. काचेवर हातभर अक्षरात 'कमिशन 0%'. मी फोनवर किल्ल्याचा रस्ता शोधत होते, तेवढ्यात बाबांनी दोनशे युरो सरकवले, नोटा मोजून घेतल्या, पावती चौघडी करून खिशात टाकली. कॅशियर माणूस, नोटा बरोबर मोजल्या. भाव बघायचा राहिला.

मग चौकातल्या घड्याळासमोर उभे राहिलो. घड्याळ 1410 चं. दर तासाला वरच्या दोन खिडक्यांतून येशूचे शिष्य फिरून जातात, एक सांगाडा घंटेची दोरी ओढतो, आणि मिनिटभरात संपतं. आई म्हणाली, "एवढंच?" खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. बाजूला नळकांड्यासारखं गोड ट्रडेलनिक विकत होते, तिघांनी खाल्लं. प्रागची खासियत म्हणून विकतात, पण ते मूळचं तिथलं नाही. गरम असलं तर बरं लागतं.

पावणेबाराला कॉफी घेताना बाबांनी पावती उलगडली. एका युरोला सतरा कोरुना, म्हणजे तिथलं चलन. (आई दोन्ही दिवस 'करोना'च म्हणत होती.) त्या दिवशी भाव पंचवीसच्या आसपास होता. म्हणजे दोनशे युरोंचे साधारण पाच हजार यायला हवे होते, आले तीन हजार चारशे. कमिशन शून्य होतं हे खरंच, त्यांनी सगळं भावातच खाल्लं होतं. बाबा काही बोलले नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला तेच जास्त लागलं.

फोनवर शोधलं तेव्हा कळलं की एप्रिल 2019 पासून तिथल्या कायद्यात सोय आहे. असा व्यवहार तीन तासांच्या आत, कारण न सांगता, एक पैसा न देता रद्द करता येतो. रक्कम 1000 युरोच्या आत हवी. पावतीवर वेळ होती 10:20. म्हणजे 1:20 पर्यंत मुदत.

पण मिळालेल्या कोरुना पूर्ण परत द्याव्या लागतात, आणि आमच्या दोनशे साठ ट्रडेलनिकमध्ये गेल्या होत्या. म्हणून आधी एटीएम. इथे एक सांगून ठेवते: मशीन विचारतं, रक्कम युरोत बदलून कापू का? नाही म्हणा, कोरुनातच कापायला सांगा, नाहीतर तिथेही हेच होतं. आणि रस्त्याकडेला नुसतं उभं असलेलं मशीन टाळून बँकेच्या भिंतीतलं वापरा. ते शोधण्यात माझी वीस मिनिटं गेली.

सव्वाबाराला काउंटरवर पोचलो. काचेमागे तोच माणूस. पावती दाखवली, "रद्द करायचंय" म्हटलं. तो न बघताच म्हणाला, "नो." मी कायदा सांगितला. तो म्हणाला, सिस्टीम बंद आहे. त्याच्या मागे स्क्रीन चालू दिसत होता आणि पुढच्या बाईला त्यानं त्याच स्क्रीनवरून पावती काढून दिली. मी ते बोट करून दाखवलं, तर म्हणाला, साहेब दोन वाजता येतात, तेव्हा या. दोन! मुदत संपते एक वीसला. हा योगायोग असेल तर असो.

माझा आवाज चढायला लागला. बाबा म्हणाले, "अगं, ओरडू नकोस. काउंटरवर ओरडणाऱ्याचं काम सगळ्यात शेवटी करतात, मला विचार." मग त्यांनी खिशातून पेन काढलं. मी फोनवरून चेक भाषेतलं वाक्य शोधून दिलं, 'ओदस्तुपुयि ओद स्मलोउवी', म्हणजे मी करारातून माघार घेतो. ते बाबांनी हॉटेलच्या कागदावर एकेक अक्षर बघून उतरवलं, खाली तारीख, वेळ 12:35, पावतीचा नंबर आणि मराठीत सही. कागद आणि पावती काचेला टेकवून धरली, मला दोन्हीचा फोटो काढायला लावला, फोटोत काउंटरसुद्धा येईल असा. आणि बाजूला न होता उभे राहिले. मागे रांग लागली. मी वर एवढंच म्हटलं की चेक नॅशनल बँक ना प्रशिकोप्ये रस्त्यावर आहे, इथून चालत जाता येतं, आणि तुमच्यावर देखरेख त्यांचीच असते ना? शनिवारी बँक बंद असणार हे मलाही माहीत होतं आणि त्यालाही.

इकडे आई कंटाळून चौकात निघून गेली होती. तिथे टाउन हॉलच्या भिंतीजवळ फरशीत पांढरे क्रूस बसवलेत, 1621 मध्ये इथे सत्तावीस जणांना मारलं त्यांची आठवण म्हणून. आईनं ते दोनदा मोजले. फोन करून म्हणाली, "सव्वीसच भरतायत गं. तुमचं झालं का? अहो म्हणावं, सोडा आता."

बारा पंचावन्नला तो माणूस आत गेला. दहा मिनिटं खिडकी रिकामी. बाबा तिथेच. तो परत आला, हात पुढे केला. बाबांनी दोन हजारांची एक, हजाराची एक आणि शंभराच्या चार नोटा ठेवल्या. त्यानं दोनशे युरो खणात टाकले, एक शब्द न बोलता. बाबांनी अंगठा ओला करून चारही पन्नासच्या नोटा मोजल्या, उजेडाकडे धरून पाहिल्या, मगच वाट मोकळी केली. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं टाळी वाजवली. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

किल्ल्यातला दुपारी बारा वाजताचा पहाऱ्याचा बदल, बँड वाजतो तो, अर्थातच हुकला. तो बघायचा असेल तर सकाळ दुसऱ्या कशात घालवू नका. आम्ही 22 नंबरच्या ट्रामनं तीनला वर पोचलो. सेंट व्हायटस चर्चचं काम 1344 ला सुरू झालं आणि 1929 ला संपलं. बाबा म्हणाले, "म्हणजे आपल्या पुलाचं अजून वेळेतच चाललंय." तिकीट लागणाऱ्या इमारती उन्हाळ्यात पाचला बंद होतात, आवारात मात्र फुकट फिरता येतं.

जेवणाचं: आई शाकाहारी. स्माझेनी सीर म्हणजे तळलेलं चीज, सोबत बटाटे, सगळीकडे मिळतं. बटाट्याचं सूप मागाल तर आधी विचारा, त्यात बेकन असू शकतं. स्वीच्कोवा सगळे सुचवतात, ते बीफ असतं. टेबलावर न मागता पावाची टोपली आली तर हात लावू नका, बिलात येते. आम्ही लावला. चौकातल्या टपऱ्यांवर भाव पाहताना खाली बारीक अक्षरात 100 ग्रॅम लिहिलंय का बघा, कारण ते स्वतःहून भलामोठा तुकडा कापतात.

रविवारी सकाळी साडेसहाला चार्ल्स पुलावर गेलो. 516 मीटर, तीस पुतळे, माणसं मोजून दहा-बारा. नऊनंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते. बाबांनी शंभराची नोट काढून चौथ्या चार्ल्सचं चित्र दाखवलं. "यानंच बांधायला घेतला, 1357 ला." ती नोट कुठून आली विचारलं, तर एटीएममधून काढलेल्या पाचशेतली उरलेली होती. तिकडच्या स्टेशनवर शौचालयाला नाणी लागली तर, म्हणून मोडायची होती. तीही शेवटी न मोडताच बर्लिनला आली, पावतीच्या घडीत.