बाईंनी प्रभार का घेतला

नाशिकच्या पेठ तालुक्यातल्या आमच्या केंद्रात, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटात, बऱ्याच शाळा दोनशिक्षकी आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० च्या वर मुलं असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. त्यामुळे लहान शाळेत सेवाज्येष्ठ शिक्षकाकडे मुख्याध्यापकपदाचा प्रभार येतो. तो नको असतो, कारण वर्ग सुटत नाहीत आणि वर यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, शालार्थवर पगारबिलं, पोषण आहार, बँक हे सगळं येऊन पडतं.

जानेवारीअखेर एका वाडीवरच्या शाळेतले प्रभारी गुरुजी निवृत्त झाले. मागे राहिलेल्या दोघांत बाई ज्येष्ठ. त्यांनी नकाराचा अर्ज लिहूनच ठेवला होता. केंद्रप्रमुख म्हणून मी प्रभार यादी पडताळायला बसलो. जनरल रजिस्टर, कॅशबुक, पासबुक, जडवस्तू नोंदवही जुळली. अडलं तांदळापाशी. रोज दर मुलामागे १०० ग्रॅम, म्हणजे पटावरच्या ३४ जणांना ३ किलो ४०० ग्रॅम. वहीत शिल्लक ६१ किलो, काट्यावर भरले ५२. असं बहुतेक वेळा एका कारणानं होतं: खर्च हजेरीप्रमाणे लिहितात आणि भात मात्र पटाच्या मापानं शिजतो.

म्हणून हजेरीपट उघडला. रोज तीच नऊ मुलं गैरहजर. दिवाळीनंतर आईबापांबरोबर द्राक्षबागांवर गेलेली. कोण दिंडोरीकडे, कोण निफाडकडे, कुठल्या गावात, कुणाच्या मळ्यावर, हे बाईंच्या वहीत लिहिलेलं होतं. मुकादमांचे फोन नंबरसुद्धा.

"यांना शिक्षण हमी पत्रक दिलं का?" मी विचारलं. स्थलांतरित मुलाला तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून इथली शाळा हे पत्रक देते.

"मी गुरुजींना दोनदा सांगून पाहिलं, सर. सही कुणाची लागते त्यावर?"

"मुख्याध्यापकाची. प्रभारी असले तरी चालतं."

बाई थोडा वेळ वही चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोषण आहाराची नोंद या सरांकडे द्या. बाकीचं मी बघते."

केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत, आम्ही नेतृत्वावर तासतास बोलतो. त्यानं कुणी प्रभार घेतल्याचं मला आठवत नाही. आपल्या वर्गातलं अडलेलं काम आपल्या सहीनं सुटणार, हे दिसलं की शिक्षक पुढे येतो. आणि ओझं आधी वाटून द्यावं लागतं, नाहीतर तीच व्यक्ती दोन महिन्यांत अर्ज घेऊन परत येते.

तांदळाचा फरक यादीत दाखवून सह्या घेतल्या. शाळा व्यवस्थापन समितीची सभा लावली, कारण खातं अध्यक्ष आणि सदस्य सचिव, म्हणजे मुख्याध्यापक, यांच्या संयुक्त सहीचं असतं. ठरावाची प्रत, नमुना सह्या आणि केवायसी एकदम दिली नाही तर बँक परत पाठवते आणि तोवर अनुदान पडून राहतं.

हमी पत्रकं बाईंनी त्याच दुपारी लिहिली. नुसतं मुलाचं नाव आणि इयत्ता घालून उपयोग नसतो. तिकडच्या शाळेला मूल सापडत नाही. त्यांनी प्रत्येकावर मळ्याचं गाव, पालकाचा फोन आणि मूल वाचनात कुठवर आलंय ते लिहिलं. यादी मी तिकडच्या केंद्रप्रमुखांना पाठवली. इथल्या पटावरून एकही नाव कमी केलं नाही.