१९४८ च्या वहीतले भाव वाचताना

मराठवाड्यात जुन्या वाड्यांच्या फडताळांतून अजूनही जमाखर्चाच्या वह्या निघतात. त्यातली १९४८ ची वही हाती लागली तर ज्वारीचा भाव बघून ‘किती स्वस्ताई होती!’ असं एकदम म्हणू नका. रुपया कुठला, माप कुठलं आणि साल कुठलं हे ठरल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

आधी रुपया. मराठवाडा तेव्हा निजामाच्या मुलखात होता, आणि तिथे हाली सिक्का चाले, त्यावर चारमिनार. इंग्रजी मुलखातला तो कलदार. सरकारी दर ७ हालीला ६ कलदार, म्हणजे १०० कलदारांना हाली ११६ रुपये १० आणे ८ पै. हालीचा कलदार करायचा तर ६ ने गुणून ७ ने भागा: साडेतीन रुपये हाली म्हणजे बरोबर ३ रुपये कलदार. सराफाकडे नाणं बदललं की बट्टा, म्हणजे बदलण्यातली घट, बसे. वहीत बट्ट्याची वेगळी ओळ असेल तर सरकारी दर सोडून तीच धरावी.

पानावर नाणं लिहिलेलं नसेल तर गावातला बाजार आणि शेतसारा हालीत धरा. निजामाच्या हद्दीबाहेरच्या बार्शी, सोलापूर, मनमाडशी झालेला व्यवहार मात्र कलदारात असण्याचा संभव जास्त. भारत सरकार आणि निजाम यांच्यातल्या २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानंतर लवकरच निजाम सरकारने वटहुकूम काढून कलदाराची कायदेशीर मान्यता काढली, त्यामुळे या वर्षाच्या नोंदी जास्तच जपून बघाव्यात.

चिल्लरीत हमखास घोटाळा होतो. आणा दोन्हीकडे १२ पैचाच. पण कलदारी पैसा ३ पैचा, म्हणून ४ पैशांचा आणा. हालीतलं छोटं नाणं २ पैचं, म्हणून आण्याला ती ६ लागत.

आता लिहिण्याची पद्धत. आकड्यापुढची उभी रेघ म्हणजे पावली (४ आणे), आडवी रेघ म्हणजे आणा. ‘४॥।=’ म्हणजे ४ रुपये १४ आणे. ‘३॥’ म्हणजे साडेतीन. उभ्या रेघांना इंग्रजी एकाचे आकडे समजून ३११ वाचलं की सगळा हिशोब कोलमडतो. पानाखालची बेरीज स्वतः करून पाहा, चूक तिथेच सापडते.

धान्य मापाने जाई: २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर, २ शेरांची अधोली, ४ शेरांची पायली. हे आकारमान आहे, वजन नव्हे. एका पायलीत ज्वारी आणि तूर सारख्या वजनाची बसत नाही. मण किती पायल्यांचा हेही गावागणिक बदले, म्हणून किलोचा भाव काढण्याची घाई नको. पायलीचा भाव त्याच वहीतल्या मजुरीशी ताडून बघावा. माणसाला दिवसाच्या कामात किती धान्य मिळे ते त्यातून कळतं, आणि खरी महागाई तीच. लेव्हीत, म्हणजे सक्तीच्या वसुलीत, सरकारला घातलेलं धान्य वेगळं काढा, तो बाजारभाव नव्हता.

तारीख वेगवेगळ्या तऱ्हांची असते. शक सालात ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. सरकारी पावतीवर फसली साल, म्हणजे निजामाच्या सरकारी कारभाराचं साल असतं, त्यात ५९१ मिळवायचे. पण हे साल ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्यापासून लागे, म्हणून आजूर ते बहमन या पहिल्या तीन महिन्यांना ५९०. १९४८ चा बराचसा भाग फसली १३५७ मध्ये येतो. व्यापाऱ्याची वही असेल तर ती दिवाळीच्या पाडव्याला बदलते.

तारखा लागल्या की वर्ष डोळ्यांपुढे उभं राहतं. ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली. पुढे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांची दहशत आणि सरहद्दीवरची नाकेबंदी. मिठाच्या ओळीकडे मुद्दाम बघा: मीठ बाहेरून येई, त्यामुळे रस्ता अडला की भाव तिथे आधी हलतो. करमणुकीचा खर्च सहसा जत्रेच्या नावाखाली असतो. पैठणची नाथषष्ठी किंवा माळेगावची खंडोबाची जत्रा वहीत दिसली तर खाली रेवड्या, बांगड्या, तमाशा शोधा. १३ सप्टेंबरला सोलापूरकडून भारतीय फौज नळदुर्गात शिरली, १७ ला निजाम शरण आला. त्या आठवड्यातली पानं कोरी असली तर फाटली आहेत का, की व्यवहारच बंद होता, हे शिवणीचा दोरा आणि पानांचे अनुक्रम बघून ठरवा.

आणि १७ सप्टेंबरनंतर सगळं कलदारात धरू नका. हाली त्यानंतरही काही वर्षं बाजारात होता.