एअर लीकेज, केआरए आणि पाच जूनचं झाड

पाच जूनला, म्हणजे पर्यावरण दिनाला, गेटजवळ चार रोपं लावायची, फोटो काढायचे, फाइलला लावायचे. बऱ्याच कारखान्यांत ‘ग्रीन एचआर’, म्हणजे मनुष्यबळ विभागाचं पर्यावरणाचं काम, एवढ्यावरच उरकतं. वीजबिलाला त्याचा पत्ताही लागत नाही. बिल हलतं ते केआरए (कोणाचं काम कशावर मोजायचं त्याची यादी), इन्सेंटिव्ह (जास्त कामाचे जादा पैसे) आणि इंडक्शन (नव्या माणसाला सुरुवातीला दिलेलं ट्रेनिंग) या तीन रटाळ कागदांनी.

कॉम्प्रेस्ड एअरच घ्या, म्हणजे मशीन चालवायला कॉम्प्रेसरने दाबून पाइपातून सोडलेली हवा. ७ बार दाबाच्या लाइनला ३ मिलिमीटरचं भोक असेल तर साधारण ३ ते ४ किलोवॅट वीज नुसती फुसफुसत निघून जाते. वर्षाला ६,००० तास धरले तर १८ ते २४ हजार युनिट. आवाज सगळ्यांना ऐकू येतो, पण ऑपरेटरचा इन्सेंटिव्ह नगांवर असतो. गळणारं कपलिंग (पाइपचा जोड) बदलायला वीस मिनिटं मशीन थांबलं की पैसे त्याचे जातात, बिल मात्र कंपनी भरते. मग तो पाइपला चिंधी गुंडाळतो आणि काम चालू ठेवतो. त्याला जागरूकतेचं व्याख्यान देऊन काय होणार? दुरुस्तीचा वेळ इन्सेंटिव्हच्या हिशेबातून वगळा, गळती दाखवणारे टॅग पाइपवर आपोआप लागतील. टॅग निळा ठेवा. लाल रंग रिजेक्शनचा समजतात.

लीकेज मोजायचं सुट्टीच्या दिवशी. सगळी मशीन बंद, लाइनवर हवा चालू. कॉम्प्रेसर किती वेळ लोडवर (हवा भरत) आणि किती वेळ अनलोडवर (नुसता फिरत), हे चार-पाच फेऱ्या घड्याळ लावून लिहा. लोड ३ मिनिटं, अनलोड ९ मिनिटं म्हणजे १२ पैकी ३, अर्थात कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या २५ टक्के गळती. (व्हीएफडी, म्हणजे गरजेप्रमाणे वेग बदलणाऱ्या कॉम्प्रेसरला ही रीत चालत नाही.) हा आकडा मेंटेनन्सच्या केआरएत घाला. सुपरवायझरच्या केआरएत सात दिवसांत बंद झालेले, म्हणजे गळती दुरुस्त झालेले, टॅग. ‘लीकेज कमी सापडली पाहिजेत’ असं लिहिलंत तर लोक शोधणंच सोडतात.

घातक कचऱ्यात तर याहून वाईट होतं. ‘२० टक्के कमी करा’ म्हटलं की तेलकट चिंध्या गुपचूप भंगारात जातात. घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत त्या ३३.२ या वर्गात येतात. कागदावर वजन घटतं, प्रदूषण तेवढंच राहतं. पकडायची युक्ती साधी आहे: स्टोअरमधून गेलेल्या कॉटन वेस्टचं (पुसायच्या कोऱ्या चिंध्यांचं) वजन आणि विल्हेवाटीला गेलेल्या चिंध्यांचं वजन शेजारी मांडा. चिंधी तेल पिऊन जड होते. बाहेर जाणारं वजन कमी भरलं, तर कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि या कचऱ्याचे ड्रम हाताळतो कोण? कंत्राटी कामगार. ट्रेनिंगच्या रजिस्टरवर सह्या मात्र कायम कामगारांच्या. आयएसओ १४००१ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या मानकातलं ७.२ हे कलम कंपनीच्या नियंत्रणाखाली काम करणाऱ्यांच्या क्षमतेबद्दल बोलतं. त्यात कंत्राटीही आले. गेटपास देतानाच वीस मिनिटं ड्रमपाशी उभं करून, मराठी-हिंदीत समजावा. सही घेण्याआधी हातात एक तेलकट चिंधी द्या आणि टाकायला सांगा. कुठल्या ड्रमात जाते ते बघा.

शेवटचा खड्डा भाजकाचा. मंदीत एकूण युनिट उतरतात आणि सगळे स्वतःची पाठ थोपटतात, म्हणून प्रति नग किंवा प्रति टन युनिट बघा. शेअर बाजाराची नियामक सेबीने २०२२-२३पासून पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना बंधनकारक केलेल्या बीआरएसआर (जबाबदार व्यवसाय व शाश्वतता) अहवालात ऊर्जेची तीव्रता उलाढालीच्या रुपयावर काढतात. मालाचा दर वाढवला की तीही घटते, एकही कपलिंग न बदलता.