माहिती देणाऱ्याचे नाव

मृत्यू घरी झालेला असला आणि रात्रीची वेळ असली, की शववाहिनी फाटकातून आत शिरतानाच मला पुढचं सगळं दिसायला लागतं. सोबतचा कुणीतरी आधार कार्डाची झेरॉक्स खिडकीतून आत सरकवतो. मी विचारतो, "डॉक्टरांचं चार-ए?" आणि तो नुसता माझ्याकडे बघत राहतो.

मी महापालिकेच्या स्मशानभूमीत नोंदणीला बसतो. दवाखान्यात मृत्यू झाला तर नमुना 4 तिथूनच मिळतो. घरी झाला तर नमुना 4-ए लागतो, म्हणजे मृत्यू कशाने झाला याचा डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचा दाखला. तो नसेल तर मला पास फाडता येत नाही आणि पासाशिवाय भट्टीचं दार उघडत नाही. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात, कलम 10 मध्ये, स्वच्छ लिहिलंय की शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरने उपचार केले त्याने हा दाखला लगेच आणि फी न घेता द्यायचा. पण असा एक डॉक्टर असायला तर हवा! पूर्वी घरी येऊन नाडी बघणारे डॉक्टर असायचे. आता म्हाताऱ्या माणसाची फाईल चार स्पेशालिस्टांकडे फिरते आणि रात्री दहाला त्यांतला एकही फोन उचलत नाही. अनोळखी डॉक्टर सही करायला घाबरतो, त्याला मी दोष देत नाही. मग उरतं सरकारी रुग्णालय. तिथे 'मृतावस्थेत आणले' अशी नोंद, पोलीस, पंचनामा, बरेचदा शवविच्छेदन. आपल्या अंथरुणात शांतपणे गेलेल्या माणसाची ही फरफट बघवत नाही. तरीही कागद हवाच, हे मी ठासून सांगतो. गळ्यावरचा वळ शालीखाली झाकून आणलेलं प्रेत याच फाटकातून परत गेलेलं मी पाहिलंय.

त्या रात्री आलेल्या आजी 86 वर्षांच्या. मुलगा अमेरिकेत, माझ्यासाठी थांबू नका, असं त्याने फोनवर सांगितलेलं. सोबत दोन पुतणे, सोसायटीतले काही जण आणि सगळ्यांच्या मागे, पाण्याच्या टाकीशी, कापडी पिशवी पोटाशी धरून उभी असलेली एक बाई. पुतणे तीन दवाखाने फिरून आले होते. थोरला रडकुंडीला आला होता. "साहेब, काकू वयानेच गेली हो. आता तिची चिरफाड करायची का?"

अशा वेळी मी एक प्रश्न विचारतो. जुन्या हेडक्लार्कांनी शिकवलेला. मयताच्या नातेवाइकाला सोडून द्यायचं आणि विचारायचं, रात्री उठून यांना पाणी कोण द्यायचं?

"काकूला सांभाळायला ठेवलेल्या मावशी आहेत ना, नर्सिंग ब्युरोच्या," धाकट्याने टाकीकडे हात केला. "पण त्यांना काय माहीत असणार?"

मी मावशींना खिडकीशी बोलावलं. "डॉक्टरांचा नंबर हाय माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "पंधरा दिसांपूर्वी घरी येऊन गेले. मी दादांना सांगत होते, ते म्हणले थांबा जरा."

पुतणे वाईट नव्हते. घाबरलेल्या माणसाला मागे उभं असलेलं कुणी दिसत नाही, आणि पगारी बाई तर आपल्या लोकांना एरवीही दिसत नाही.

डॉक्टरांनी दुसऱ्याच रिंगला फोन उचलला. ते निघायच्या आत मी माझा ठरलेला प्रश्न विचारून घेतला, की पेसमेकर आहे का? हे लोकांना ठाऊक नसतं. भट्टीच्या उष्णतेत पेसमेकरमधली बॅटरी फुटते, आतल्या विटांना तडे जातात, दारापाशी उभा असलेला ऑपरेटर जखमी होऊ शकतो. ऑपरेशन करून बसवलेल्या धातूच्या गुडघ्याच्या वाट्या, खुब्याचा गोळा चालतो. तो राखेत तसाच निघतो. पेसमेकर आधी काढावाच लागतो.

"छे! काकूला हार्टचं काही नव्हतं," थोरला म्हणाला.

"हाय," मावशी म्हणाल्या. "डाव्या अंगाला, गळ्याच्या हाडाखाली. आंघोळ घालताना हाताला लागायचं."

मी पुन्हा फोन लावून डॉक्टरांना सामान घेऊनच यायला सांगितलं.

ते आले तेव्हा मावशींनी पिशवीतून शंभर पानी वही काढली. स्टीलच्या पट्टीने आखलेले रकाने. तारीख, सकाळची शुगर, बीपी, लघवी, खाल्लं काय. डॉक्टरांची चिठ्ठी टाचणीने लावलेली. शेवटच्या पानावर त्या दिवसाच्या नोंदी: 'संध्या. 6, दोन चमचे पेज. गिळत नाही.' 'साडेसात, श्वास हळू. हाक मारली, डोळे उघडले.' 'आठ दहा, बंद.'

चार-एमध्ये एक रकाना असतो: आजार सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंतचा काळ. माझ्याकडे येणाऱ्या फॉर्मांत तिथे बहुतेकदा आडवी रेघ असते आणि कारणाच्या जागी 'हृदयक्रिया बंद पडली'. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. ते कशामुळे, हे लिहायचं असतं. असे फॉर्म मी परत करतो आणि डॉक्टरांच्या शिव्या खातो. याच कागदांवरून शहरात माणसं कशाने मरतात याचा हिशेब लागतो, ही गोष्ट शिकलेल्यांनाही का पटत नाही, कळत नाही. त्या रात्रीचा फॉर्म मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत भरलेला होता. शववाहिनीत टॉर्च धरून तपासणी झाल्यावर डॉक्टर वही मांडीवर घेऊन एकेक तारीख उतरवत होते आणि मधूनमधून वर न बघता विचारत होते, "पायाची सूज कधीपासून, मावशी?"

पेसमेकर निघाला. थोरल्या पुतण्याने मडकं घेऊन फेऱ्या मारल्या, घरच्यांनी पाणी पाजलं. दार उघडण्याआधी आमच्या ऑपरेटरने विचारलं, "अजून कुणी राहिलंय?" आणि तो मावशींकडेच बघत राहिला. त्या पुढे आल्या, पाया पडल्या, आणि सवयीने पदराच्या टोकाने आजींच्या ओठांचा कोपरा पुसला.

नोंदवहीत शेवटी 'माहिती देणाऱ्याचे नाव' आणि 'मयताशी नाते' हे रकाने असतात. घरी झालेल्या मृत्यूची माहिती कुटुंबप्रमुखाने किंवा जवळच्या नातेवाइकाने द्यायची असते. मी थोरल्या पुतण्याचं नाव लिहिलं, त्याने सही केली. नोंद नियमाने चोख आहे. तरी तिच्यातली वेळ, आजार, औषधं, पेसमेकर, सगळं ज्या बाईने सांगितलं तिचं नाव त्या पानावर कुठेच नाही, आणि ते पान कायमचं राहणार आहे. हे मला अजून पचलेलं नाही.

दोन दिवसांनी मावशी दुपारीच आल्या. मी ड्यूटीवर नव्हतो म्हणून संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिल्या. ब्युरोवाला त्या रात्रीचे पैसे कापत होता. आजी आठला गेल्या तर काम आठलाच संपलं, असं त्याचं म्हणणं. मध्यरात्र उलटेपर्यंत त्या इथे होत्या, याचा कागद त्यांना हवा होता. मृत्यूचा उतारा कुणीही अर्ज करून घेऊ शकतं, पण त्यात त्यांच्या कामाचा काहीच नव्हता. भट्टीच्या रजिस्टरात दहनाची वेळ असते. त्या पानाची झेरॉक्स काढली, शिक्का मारून दिली.

निघताना त्यांनी विचारलं, "दशक्रिया कुठं हाय, काय कळलं का?"

मी पुतण्याला फोन लावला. "अरे हो, त्यांना कळवायचं राहूनच गेलं," तो म्हणाला आणि घाट, वेळ सगळं सांगितलं. सकाळी साडेसात.

"नवीन पेशंट आठला हाय," मावशी झेरॉक्सची घडी घालत म्हणाल्या. "बघते, उशिरा येते म्हणून सांगून."