गुलाबी बंगला आणि लोणच्याची बरणी

इथे स्वित्झर्लंडमध्ये, न्यों गावाहून ग्लाँकडे जाताना रस्त्याला लागूनच एक गुलाबी बंगला आहे. तीन वर्षं मी त्याच्यासमोरून येजा करते आहे. कुणी म्हातारं जोडपं राहत असेल, एवढाच माझा अंदाज. यंदा उन्हाळ्यात आई आली आणि तिसऱ्याच दिवशी म्हणाली, "अगं, या घराच्या काचांवर ऊन कसं चमकत नाही?"

चमकणार कसं? खिडक्या भिंतीवर रंगवलेल्या! बंगल्याचं नाव 'व्हिला रोज'. स्विस लष्कराने १९४० मध्ये बांधलेला हा चक्क किल्ला आहे. गॅरेजच्या दारामागे रणगाड्यांवर मारा करणारी तोफ आणि आत सैनिकांची राहायची सोय. २००६ पासून इथे संग्रहालय आहे. जवळच 'व्हिला व्हर्त' नावाचं त्याचं हिरवं, धाकटं भावंड आहे.

आईला लहानपणी दारात येणारा बहुरूपी आठवला. खाकी कपडे, हातात छडी, "वॉरंट आहे तुमच्या नावाचं" म्हणून दरडावायचा आणि मूठभर धान्य मिळालं की हसत पुढच्या दारी. तो साधा माणूस असून फौजदाराचं सोंग आणायचा. इथे फौजदारानेच संसारी माणसाचं सोंग घेतलंय.

बंगल्याजवळून एक पायवाट निघते. जुरा डोंगरापासून लेमान (जिनिव्हा) सरोवरापर्यंत, साधारण दहा किलोमीटर, काँक्रीटच्या टोकदार ठोकळ्यांची रांग आहे. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे अडवायला हे ठोकळे बसवले, एकेक सुमारे नऊ टनांचा. आकारावरून लोक त्यांना तोब्लेरोन म्हणतात, त्या नावाच्या त्रिकोणी स्विस चॉकलेटसारखेच दिसतात म्हणून. आता त्यांच्यावर शेवाळ चढलंय आणि पोरं त्यांच्यावरून उड्या मारतात. आईने एका ठोकळ्यावर बसून डब्यातली थालिपिठं उघडली.

मला मात्र खरी गंमत आमच्याच इमारतीत सापडली. तळघरात आम्ही ज्यांना 'काव' म्हणतो, ती कोठारं आहेत. लाकडी पट्ट्यांच्या जाळ्या, प्रत्येकाला कुलूप. शेजारच्या आजींच्या वाइनच्या बाटल्या, कुणाचे स्की, माझं कोकम आणि आगळाच्या बाटल्या. पण तिथे शिरायचं दार वीतभर जाड काँक्रीटचं, बंद करायला मोठाल्या खिट्ट्या, आणि कोपऱ्यात हवा गाळायचं यंत्र. वीज गेली तर हाताने फिरवायला दांडाही आहे. हा अणुबाँबपासूनचा निवारा! १९६३ च्या कायद्याने घर बांधताना असे निवारे करणं सक्तीचं झालं, आणि आज देशात लोकसंख्येपेक्षा जास्त माणसांना पुरतील एवढ्या जागा आहेत. आम्ही महिनोन् महिने तिथे बटाटे ठेवत होतो, आणि दार एवढं जड का याचा विचार कुणी केला नव्हता.

शेजारच्या आजींना मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "बाई, वाइनला थंड जागा लागते." बस्स. बाकी काही बोलायचं त्यांच्या मनात नव्हतं.

आई परत गेली. जाताना कैरीच्या लोणच्याची बरणी भरून तळघरात ठेवून गेली, दादरा घट्ट बांधून. परवा फोनवर पहिला प्रश्न तोच : "बंकरातलं लोणचं हलवलंस का?"