माजी विद्यार्थ्यांची मुलाखत: तयारी नेमकी कशाची?

अमेरिकेतल्या हार्वर्ड, एमआयटी, जॉर्जटाउन अशा विद्यापीठांत पदवीसाठी अर्ज केला की बऱ्याचदा तिथला एखादा माजी विद्यार्थी मुलाखतीसाठी ईमेल करतो. हा माणूस स्वयंसेवक असतो. प्रवेशाचा निर्णय त्याच्या हातात नसतो; तो फक्त अहवाल लिहून प्रवेश कार्यालयाला पाठवतो. त्यामुळे त्याला पटवण्यापेक्षा लिहायला काहीतरी ठोस देणं महत्त्वाचं.

सहसा त्याने तुमचा अर्ज, निबंध किंवा गुण पाहिलेले नसतात. इथेच मुलं चुकतात. ‘अर्जात लिहिलंय तसं’ म्हणून पुढे जातात आणि अहवाल कोरडा राहतो. दोन-तीन गोष्टी निवडा आणि त्या तपशिलात सांगा. ‘मला रोबोटिक्स आवडतं’ यातून काही हाती लागत नाही. कोणता भाग चालेना, कारण कसं शोधलं, मग काय बदललं, हे सांगितलं तर लिहायला मजकूर मिळतो. पाठ केलेली उत्तरं मात्र लगेच कळतात, ती टाळाच.

ईमेल स्पॅममध्येही जातो, म्हणून रोज तपासा आणि एका दिवसात उत्तर द्या. वेळ ठरवताना टाइम झोन स्पष्ट लिहा. गप्पा साधारण अर्धा ते एक तास चालतात. शेवटी तुम्हाला प्रश्न विचारायला सांगतात. वेबसाइटवर सापडेल ते विचारू नका, त्यांच्या स्वतःच्या अनुभवाबद्दल विचारा.

आणि मुलाखतीचं बोलावणं आलंच नाही तर? तुमच्या भागात स्वयंसेवक कमी असतील. बहुतेक विद्यापीठं त्यावरून अर्ज कमी लेखत नाहीत.