भुरीचं बाळंतपण

गल्लीतली भुरी कुत्री कडब्याच्या गंजीआड व्यायलीय. पाच पिल्लं. परभणीची थंडी काय असते ते तुम्हाला सांगायला नको, म्हणून सकाळी आधी कोरडी पोती नेऊन अंथरली. पिल्लांचे डोळे उघडायलाच १० ते १४ दिवस लागतात, आणि या दिवसांत त्यांना अंगात ऊब धरता येत नाही. आईला चिकटून पडतील तरच तगतील.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "बाळंतीण हाय ती, दूध दे की!" पण मोठ्या कुत्र्यांना दुधानं पुष्कळदा हगवण लागते. मग भाकर कुस्करली, त्यात कोंबडीचं अळणी पाणी आणि उकडलेलं अंडं कालवलं. कांदा-लसूण अजिबात नाही, कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. पाजणाऱ्या कुत्रीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं, तेही थोडं थोडं करून. पाणी तर मागेल तेवढं.

भुरी खाताना एक डोळा माझ्यावर ठेवून होती. मी पोतं नीट करायला हात घातला तर घशातल्या घशात गुरगुरली. बरोबरच आहे तिचं. पिल्लं इवल्या पंजांनी पोट दाबत चुरूचुरू पीत होती, आणि हिनं जर्मनचं ताट चाटत चाटत पार नालीत ढकललं!

गल्लीतल्यांनो, ती थरथरायला लागली किंवा पाय ताठ करून चालताना दिसली, तर लगेच मला फोन करा. कॅल्शियम उतरल्याचं ते लक्षण असतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. आणि जुनी गोधडी असेल कुणाकडं तर द्या. पोरांना मात्र पिल्लं उचलू देऊ नका.